आई, डोळे मीट बघू

आम्ही भावंडं याच शाळेत शिकलो. घरी मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, हा आम्हा इंदूरकरांचा जन्मभराचा व्यवहार. त्यात मेंदूला काही कष्ट पडत असतील असं आम्हाला कधी वाटलंच नाही. दोन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला, तेव्हा प्रथमच त्याचा विचार करावा लागला.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता, शब्द निघेना. पाणी हवं असलं तरी 'ते, ते' आणि औषध नको असलं तरी 'ते, ते'. रुग्णालयात तिची तपासणी हिंदीतून झाली. 'आँखें बंद कीजिए' म्हटलं की ती नुसती बघत राही. आकलन जवळजवळ नाही, अशी नोंद झाली. आम्हीही ती खरी मानली आणि तिच्या उशाशी बसून खर्चाबद्दल, घराच्या वाटणीबद्दलसुद्धा बोललो. तिसऱ्या दिवशी धाकटी बहीण सहज म्हणाली, "आई, डोळे मीट बघू जरा." आईने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. आम्हाला एकमेकांकडे बघवेना.

या आजाराला वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण तपासला. त्याला 'तां' याखेरीज फारसं काही बोलता येत नसे, पण दुसऱ्याचं बोलणं बरंचसं समजे. तो वारल्यावर मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलट प्रकारच्या रुग्णांचं वर्णन केलं. त्यांचं बोलणं घडाघडा, पण त्यातून अर्थ निघेना आणि ऐकलेलंही उमगेना. भाषेचं काम या दोनच ठिकाणी चालतं असं आता मानत नाहीत. मेंदूचे अनेक भाग जाळ्यासारखे मिळून ते करतात. पण बोलणं गेलं तरी समजणं शिल्लक राहू शकतं, एवढं जरी आम्हाला त्या तीन दिवसांत कोणी सांगितलं असतं!

मग मराठी समजली आणि हिंदी का नाही? आई साताऱ्याकडची, हिंदीशी तिचा संबंध लग्नानंतर आला. आधी शिकलेली भाषा जास्त टिकते, असं रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचं मत होतं. पित्र या फ्रेंच डॉक्टरने १८९५ मध्ये वेगळं मांडलं: आजारापूर्वी जी अधिक वापरात होती ती आधी परतते. पुष्कळ रुग्णांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, त्यामुळे नियम असा सांगता येत नाही. म्हणून रुग्णाला येणाऱ्या प्रत्येक भाषेत तपासावं, हे बरं. आमच्यासारख्या गावात तर हे कुणालाही सुचायला हवं होतं.

पुढे एक नवल घडलं. गणपतीत आरती सुरू झाली आणि 'ते, ते' म्हणणारी आई सगळ्यांबरोबर शब्दांसकट म्हणू लागली! पाठ असलेलं गाणं पुष्कळदा असं वाचतं. अमेरिकेत १९७३ पासून याच आधारावर सुरावर बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धत आहे. आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी आईकडून 'पा-णी' हा शब्द दोन सुरांत, डाव्या हाताने ताल धरून घोटून घेतला. तो यायला पाच आठवडे लागले.

त्यांनी आमचीही एक खोड मोडली. चित्र कुलपाचं दाखवलं आणि आई 'ताला' म्हणाली, की आम्ही दुरुस्ती करायचो. बाई म्हणाल्या, जो शब्द येईल तो घ्या. दोन भाषा मेंदूत वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात. एक बोलताना दुसरीही जागी असते. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण की छडी, याचा घोटाळा आपल्या शाळेत कोणाचा झाला नाही?

आता चित्रं दाखवायचं काम सहावीतल्या नातीकडे आहे. परवा तिने कात्री दाखवली. आई म्हणाली, "कैंची." नातीने मान डोलावून पुढचं चित्र काढलं, तर आईने तिचा हात धरून थांबवलं. बराच वेळ ओठ हलले. मग म्हणाली, "का... कात्री. तीच गं."