रात्रीच्या कीर्तनाची फाईल

गावोगावच्या सप्ताहांचं लाइव्ह करणं हे माझं काम. ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचा फॉरमॅट मी कायम एमपीफोर ठेवायचो. ती फाईल कुठल्याही मोबाइलवर चालते, एवढंच कारण.

एका सप्ताहात रात्रीचं कीर्तन रंगात आलं आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच कामातून गेलेली, इन्व्हर्टर मी आणलाच नव्हता. लाईट आल्यावर पाहिलं, तर फाईल काही जीबींची दिसत होती, पण एकही प्लेअर ती उघडेना. यूट्यूबवर असेल म्हणून निर्धास्त होतो. पण बारा तासांच्या आतलंच प्रक्षेपण यूट्यूब आपोआप साठवतं, आणि मी पहाटेच्या काकड्यापासून एकच प्रक्षेपण सुरू ठेवलं होतं.

“महाराजांचं कीर्तन मिळालं ना रे?” कमिटीच्या अण्णांनी विचारलं. “लाईटीमुळे गेलं, अण्णा,” म्हणालो. पुढच्या कामासाठी जागा हवी म्हणून ती फाईलही पुसून टाकली.

कीर्तन त्या फाईलमध्येच होतं, हे मला फार उशिरा कळलं. कुठलं चित्र, कुठला आवाज फाईलमध्ये नेमका कुठे आहे याची नोंद एमपीफोरमध्ये ‘मूव’ नावाच्या भागात असते, आणि साध्या रेकॉर्डिंगमध्ये तो भाग स्टॉप दाबल्यावर, अगदी शेवटी लिहिला जातो. माझ्या फाईलला तेवढाच भाग नव्हता. त्याच सेटिंगवरची एखादी धड फाईल हाताशी असेल, तर ‘अनट्रंक’सारख्या साधनाने अशी फाईल बऱ्याचदा वाचवता येते. सकाळच्या काकड्याची धड फाईल माझ्याकडे होती. वयामुळे महाराजांनी पुढे कीर्तनं थांबवली, आणि ते रेकॉर्डिंग माझ्या हाताने गेलं.

एमकेव्ही फॉरमॅटमध्ये मात्र वेळेच्या नोंदी तुकड्यातुकड्याने, चित्रासोबतच लिहिल्या जातात. मध्येच लाईट गेली तर शेवटचे काही क्षण जातील, बाकीचं राहील. टीव्ही प्रक्षेपणासाठी घडलेला टीएस फॉरमॅटही असाच टिकाऊ, कारण त्यातली १८८ बाइटची पाकिटं मधूनही वाचता येतात. २०२४ मध्ये ओबीएस ३०.२ मध्ये हायब्रिड एमपीफोर आला, तो याच दुखण्यावर.

हे काम करणाऱ्यांनी आजच फॉरमॅट तपासा. एमकेव्हीत रेकॉर्ड करा आणि नंतर फाईल मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने एमपीफोर करून घ्या, दर्जा जराही घटत नाही. आणि उघडत नसलेली फाईल जाणकाराला दाखवल्याशिवाय पुसू नका.