धाकटीचा ब्यूटीचा कोर्स आणि आपली व्रतं



आमच्या धाकटीला दहावीनंतर ब्यूटीचा कोर्स करायचाय. तिने हे सांगितल्यापासून घरात दोन प्रश्न फिरताहेत. सासूबाई म्हणतात, "लोकांच्या पायाला हात लावायचं काम आपल्या पोरीनं का करावं?" दुसरा प्रश्न माझा. बारा भावनांत अशुचि भावना म्हणायची आणि शरीर सजवण्याचाच व्यवसाय करायचा, हे जुळणार कसं?

सासूबाईंना ह्यांनीच सांगितलं, "आई, दुकानात गिऱ्हाइकापुढं मी रोज वाकतोच की." माझ्या प्रश्नाचं उत्तर मला रत्नकरंड श्रावकाचारात सापडलं. निर्विचिकित्सा अंग सांगताना समंतभद्र आचार्य म्हणतात की शरीर स्वभावतः अशुद्धच आहे. पण रत्नत्रयाने पवित्र झालेल्या देहाची किळस करू नये, गुणांवर प्रेम करावं. हे साधुजनांबद्दल आहे, तरी मी त्यातून आपल्यापुरतं एवढं घेतलं : देहाचा मोह नको, तशी किळसही नको.

मग चौकशीला लागलो. आय.टी.आय.मध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास मुलींना चालतो. सरकारी संस्थेत फी खाजगी अकादमीच्या मानाने खूपच कमी. अकादमीत जायचं असेल तर पैसे भरण्याआधी विचारा : प्रमाणपत्र कोण देणार? प्रत्यक्ष हाताने काम किती करायला मिळेल? किट फीमध्येच आहे की वेगळं? आणि आपलं किट आणलं तर चालेल का?

हा शेवटचा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात मोठा. किटमध्ये काय असतं बघा. लिपस्टिकचा लाल रंग कार्माइन असू शकतो. तो कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. लेबलवर तो सी.आय. ७५४७० या आकड्याने लिहिलेला असतो. लिप बाममध्ये मधमाशीचं मेण, काही वॅक्समध्ये चक्क मध. आपल्या आठ मूलगुणांत मद्य-मांस-मधूचा त्याग आहेच. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं. केराटिन लोकर, पिसं, शिंगांतून. काही ब्रश बकरीच्या किंवा खारीच्या केसांचे असतात. शेलॅक म्हणजे लाख, आणि लाखेचा व्यापार श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत आहे.

याला पर्याय आहेत. मेणाऐवजी कार्नोबा किंवा कँडेलिला हे वनस्पतींचं मेण, कृत्रिम केसांचे ब्रश, घरचं साखर-लिंबाचं वॅक्स. भारतात २०१४ साली प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद झाली, अशा चाचणीचा माल आयात करायलाही बंदी आली. पण 'क्रुएल्टी-फ्री' म्हणजे चाचणी नाही, एवढंच. आत मेण किंवा कार्माइन असू शकतं. 'व्हीगन' लिहिलंय का ते वेगळं बघायचं. धाकटीने एका वहीत अशी नावं आणि त्यांचे पर्याय लिहून ठेवलेत. त्याबरोबर विज्ञानही चाललंय : त्वचेचा पी.एच. साधारण ५.५ का असतो, साबणाने ती कोरडी का पडते, केसांच्या रंगातल्या पी.पी.डी.ने अंगावर पुरळ येऊ शकतं म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून का बघतात.

वेळेचं गणित अवघड आहे. पार्लरला गर्दी संध्याकाळीच, आणि आपल्याला सूर्यास्ताआधी जेवायचं. ती म्हणते, पाचला डबा खाईन, मग थांबेन. दशलक्षण तर गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतं, नेमकं तेव्हाच काम जास्त. ते दहा दिवस सुट्टी हवी, हे नोकरी धरतानाच सांगायचं ठरलंय. नाही मिळाली तर ती नोकरी नको, हेही तिनेच ठरवलं. उवा झालेलं गिऱ्हाईक आलं तर? औषध न लावता फणीने विंचरून काढीन, म्हणाली. मालकीण ऐकेल की नाही, कुणास ठाऊक.

मला खरी काळजी वेगळीच आहे. या धंद्यात समोरच्या मुलीला आधी तिच्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लावतात, मग क्रीम विकतात. "रंग किती काळवंडलाय गं तुझा!" असं म्हणून फेशियल गळ्यात मारायचं. तिथे आपलं सत्याणुव्रत कामाला येतं. मी धाकटीला सांगितलंय : केस स्वच्छ कर, हात मऊ कर, नवरीला नीट सजव, पण "सात दिवसांत गोरी करते" असं कुणाला म्हणू नकोस. पगार दोन पैसे कमी मिळाला तरी चालेल.

निकाल लागला की फॉर्म भरायचाय. तोपर्यंत ती शेजारच्या वहिनींना, मावश्यांना मेंदी आणि केशरचना करून हात बसवतेय. सासूबाईंनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा त्यांनीच टाचांच्या भेगा दाखवून विचारलं, "ह्याला काय लावतात गं?"

तुमच्यापैकी कुणाच्या लेकी-सुना या कामात असतील तर संध्याकाळच्या जेवणाचं आणि किटचं कसं जमवतात, जरूर कळवा.