पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड

हा संच बोलायला लागतो तो मधूनच. मायना, 'विनंती विशेष', आणि लगेच छावणीतली वैरणीची चणचण, सावकाराची थकलेली देणी, नदी उतरल्याची खबर. आधी काय घडलं, पुढे काय झालं, हे सांगायची त्याला सवय नाही. संपादकाची प्रस्तावना आणि पत्रावरचं चार ओळींचं इंग्रजी टिपण एवढाच आधार. 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' या संचाशी ओळख व्हायला म्हणूनच वेळ लागतो. एकदा झाली की मात्र दुसऱ्या कुणाचं सांगणं पुरेसं वाटत नाही.

त्याचा जन्म मुंबई सरकारच्या छापखान्यातला, १९३० ते १९३४ या काळातला. संपादक गोविंद सखाराम सरदेसाई. बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला येऊन राहिलेले रियासतकार. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पाठीशी जदुनाथ सरकारांसारखा मित्र आणि हाताशी मोडी जाणणारी माणसं. १८१८ नंतर पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. इनामं आणि वतनं तपासायला सरकारला ते हवं होतं. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिथे सहजासहजी प्रवेश नव्हता. ते दार या खंडांनी उघडलं. माझ्या लेखी सरदेसायांच्या 'रियासती' या इतिहासग्रंथांपेक्षाही हे काम मोठं आहे, कारण त्यांचे निष्कर्ष तपासून खोडायचं साधन त्यांनी स्वतःच आपल्या हाती दिलं.

मूळ कागद मोडीतले. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, विराम द्यायचे नाहीत. हा मजकूर बाळबोधीत उतरवताना शब्द कुठे संपला हे दर ओळीला कुणीतरी ठरवलं आहे. तारखांचं काम त्याहून कठीण. कुठे नुसती तिथी, वर्ष नाहीच. कुठे चंद्राची तारीख. कुठे 'इहिदे सितैन मया व अलफ' असं अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११६१, आपलं १७६०-६१. पानिपताचं वर्ष. काही पत्रांच्या तारखा पुढच्या अभ्यासकांनी दुरुस्त केल्या, आणि तसं होणारच होतं. साक्षीदार खरं बोलला तरी त्याच्या बोलण्याची वेळ आपल्यालाच लावावी लागते.

या संचाच्या पोटात माणसं किती! पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, सोळावा वसईच्या मोहिमेचा. पण मी पुन्हा पुन्हा काढतो तो नववा, बाजीराव आणि त्याच्या घरचा. राधाबाईंची काशीयात्रा त्यात आहे आणि मस्तानीवरून घरात पेटलेला कलहही. एरवी घोडदळाच्या हालचाली कळवणारी माणसं इथे घरातल्या दुखण्याविषयी जपून, अडखळत लिहितात. नाटककारांनी आणि चित्रपटवाल्यांनी या घरावर पुष्कळ रंग चढवले. या पत्रांतला अवघडलेपणा त्यांतल्या कुणाला साधलेला मला दिसला नाही.

आज पूर्ण संच मिळणं फार कठीण. सरकारी छपाईचा तो कागद आता तपकिरी झाला आहे, पान उलटताना कोपरा हातात येतो. तेवढ्यानं माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती संच फोडण्याची. पानिपताचा दुसरा खंड तेवढा सगळ्यांना हवा असतो, म्हणून तो वेगळा काढून विकला जातो. घेणाऱ्याला वाटतं, पानिपत घरी आलं. पण सरदेसायांना कागद जसजसे सापडत गेले तसतसे ते छापत गेले. नानासाहेब पेशव्याच्या काळातलं उत्तरेचं राजकारण एकविसाव्या आणि सत्ताविसाव्या खंडांत पसरलं आहे. ते बाजूला ठेवून दुसरा खंड वाचला तर लढाई दिसते. तिच्याआधीची उत्तरेतली वीस वर्षं, तिथली देणीघेणी आणि वैरं दिसत नाहीत.

म्हणून एखाद्या जुन्या वाड्यातून हे खंड बाहेर निघाले, तर ते वाटून घेऊ नका. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस, नसतील तर असतील तेवढे, एकाच ग्रंथालयाला द्या, आणि सत्ताविसावा त्यात आहे ना, एवढं आधी पाहून घ्या.