कलप, मेंदी आणि वयाचा दाखला

‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,’ हे वाक्य आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले. पिकल्या केसांना मान होता. तरीही ते लपविण्याची हौस आजची नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीच्या अध्यायारंभीच केस काळे करण्याची कृती दिली आहे. मात्र आपल्याकडे हा विषय हौस आणि थट्टा यांपलीकडे फारसा गेला नाही. इस्लामी धर्मशास्त्राने त्याचा केवढा बारकाईने विचार केला आहे, हे आम्हांस एका सहकाऱ्यामुळे उमगले.

आम्ही जोयडा तालुका कचेरीत असताना हल्याळकडचे एक शिरस्तेदार आमच्यासोबत होते. पत्नी निवर्तल्यावर काही वर्षांनी त्यांच्या पुनर्विवाहाची बोलणी सुरू झाली. वधूपक्षाची मंडळी येण्यापूर्वी दाढी काळी करावी, असा नातलगांचा आग्रह. गृहस्थ मौलवींचा सल्ला घेण्यास गेले आणि परतले ते मेंदीची पुडी घेऊन. दाढी तांबूस झाली. वय होते तेवढेच सांगितले गेले. ते स्थळ मोडले.

आम्ही कारण विचारले, तेव्हा त्यांनी मूळ प्रसंग सांगितला. इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर हजरत अबू बक्र यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना पैगंबरांसमोर आणण्यात आले. त्यांचे केस व दाढी पांढरीशुभ्र होती. हा रंग बदला, पण काळा टाळा, अशा आशयाची आज्ञा झाली. मेंदी आणि कतम नावाची वनस्पती यांची हदीसमध्ये प्रशंसा आहे. अबू बक्र हे दोन्ही वापरीत, असे सांगतात. म्हणजे रंगविण्यास मनाई नाही. वाद आहे तो निव्वळ काळ्या रंगाचा.

या वादात पंथोपपंथ आले. आपल्याच जिल्ह्यात भटकळचे नवायत शाफई, तर आमचे हे सहकारी हनफी. शाफई पंथाचे तेराव्या शतकातील इमाम नववी यांनी काळा खिजाब निषिद्धच ठरविला. हनफींपैकी बहुतेकांनी तो नापसंत केला. परंतु अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ यांनी त्यास मोकळीक दिली. पत्नीने नटावे असे पतीला वाटते, तसे पतीनेही नटावे असे पत्नीला वाटते, हा त्यांचा युक्तिवाद. मालिकी व हंबली पंथांत त्याची गणना सामान्यतः नापसंत गोष्टींत होते. शत्रूला आपण तरुण दिसावे म्हणून योद्ध्याने केस काळे करण्यास मात्र बहुतेकांची मुभा आहे. विवाह ठरविताना वय लपविण्यासाठी काळा रंग लावणे ही फसवणूक होय, यावर फारसे दुमत नाही.

वुजूचा मुद्दाही लक्षणीय आहे. केसांवर थर बसून पाणी आत पोहोचत नसेल, तर शुद्धी होत नाही. मेंदी थर न धरता केसांत मुरते, म्हणून ती चालते. बाजारातील ‘काळी मेंदी’ मात्र नावापुरतीच मेंदी. तीत बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन असते. ते काहींच्या त्वचेला भयंकर बाधते.

एकच रंग शत्रूसमोर चालतो, नियोजित वधूसमोर चालत नाही आणि पत्नीसमोर निदान एका इमामाच्या मते चालतो, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. संसार केलेल्या पत्नीला वय ठाऊक असते. तिथे रंग हा शृंगार. वधूला ते ठाऊक नसते. तिथे तोच रंग खोटा दाखला.

दाखल्यांशी आमचा जन्मभर संबंध आला. जोयड्याच्या रानातील वृद्ध कुणबी वृद्धाप्यवेतनासाठी येई, तेव्हा जन्मनोंद नसे. वय बोले ते डोक्यावरून आणि सुरकुत्यांतून. कचेरीचा एक नियम होता. कागदात दुरुस्ती करण्यास हरकत नसे. परंतु जुने अक्षर वाचता आले पाहिजे आणि शेजारी सही हवी. खरवडून लिहिलेले चालत नसे. आमच्या सहकाऱ्यांची तांबूस दाढी ही आम्हांस अशी सही केलेली दुरुस्ती वाटली. पाहणाऱ्याला खालचा पांढरा रंग समजत होता.

पुढल्या वर्षी त्यांचा विवाह दांडेलीत झाला. वधूने दाढी पाहिली होती आणि वयही ऐकले होते.