बेलर घेताना आधी गासडी पाहा

जुना बेलर विकत घ्यायला निघालेला माणूस तीन प्रश्न हमखास विचारतो. यंत्र कोणत्या सालचे, आजवर किती गासड्या मारल्या आणि रंग मूळचा की नंतर दिलेला? तिन्ही प्रश्न रास्त वाटतात, पण त्यांच्या उत्तरांवरून ते यंत्र आपल्या शेतात काम करील की नाही, हे कळत नाही. बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, खुरे पाहतो आणि तरीही औताला जुंपून चालवल्याशिवाय इसार देत नाही. एवढी चिकित्सा लाखांत किंमत असलेल्या यंत्राच्या वाट्याला मात्र क्वचित येते. छोट्या चौकोनी गासड्या बांधणाऱ्या बेलरचे वय हा दुय्यम प्रश्न आहे, असे माझे ठाम मत आहे. खरे प्रश्न दोनच. त्याचे भाग अजून एकमेकांची वेळ पाळतात का? आणि त्याच्या कापणाऱ्या, धरणाऱ्या, घासणाऱ्या कडा शाबूत आहेत का? या दोन्हींची उत्तरे कागदपत्रांत मिळत नाहीत, ती त्या यंत्राने बांधलेल्या गासडीत मिळतात.

हे पटण्यासाठी आत काय चालते ते नीट समजून घ्यायला हवे. पिकअपचे दाते ओळीतला चारा उचलतात, फीडर तो बाजूने चेंबरमध्ये सारतो आणि प्लंजर पुढेमागे होत त्याला दाबतो. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर असताना प्लंजर साधारण 80 ते 100 ठोके मारतो. दर ठोक्याला चाऱ्याचा एक थर दाबला जातो आणि बारा ते अठरा थरांची एक गासडी होते. तिचा छेद बहुतेक यंत्रांत सुमारे 36 बाय 46 सेंटिमीटर असतो. प्लंजरच्या कडेला एक पाते आणि चेंबरच्या तोंडाशी दुसरे स्थिर पाते असते. थराबाहेर लोंबणारा चारा या दोहोंत कापला जातो आणि त्यांच्यातली फट एक मिलिमीटरहूनही कमी ठेवावी लागते. ठरलेली लांबी भरली की मोजणारे दातेरी चाक बांधणीचा क्लच सोडते. मग दोन सुया सुतळी घेऊन प्लंजरच्या तोंडावरच्या खाचांतून वर येतात, सुतळी नॉटरकडे देतात आणि परततात. नॉटर ती धरतो, पीळ देतो, गाठ मारतो, कापतो आणि सोडून देतो. एवढे सगळे सेकंदभरात उरकते आणि प्लंजर मात्र थांबलेला नसतो. सुई खाचेत असताना त्याची वेळ चुकली, तर सुई वाकते किंवा तुटते. म्हणजे या यंत्राची किंमत त्यातल्या लोखंडात कमी आणि वेळेच्या मेळात जास्त आहे.

वय दुय्यम का, याचा पुरावा या यंत्राच्या इतिहासातच आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या जॉन ॲपलबी यांनी सुतळीची गाठ मारणारी यंत्रणा 1870 च्या दशकात धान्याच्या पेंढ्या बांधण्यासाठी सिद्ध केली. पेनसिल्व्हेनियातल्या एड नोल्ट यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस चारा उचलून, दाबून आपोआप बांधणारा बेलर तयार केला आणि न्यू हॉलंड कंपनीने पुढच्या दशकात तो बाजारात आणला. आज नव्या कोऱ्या बेलरचे झाकण उघडले, तरी सुई, सुतळी धरणारी चकती, चोचीसारखा बिलहुक, पाते आणि गाठ ओढून काढणारा हात हीच मंडळी दिसतात. ज्या यंत्राचे तत्त्व इतक्या वर्षांत बदललेले नाही, ते पंधरा वर्षांत कालबाह्य होत नाही. झिजतात त्या त्याच्या कडा, आणि झिजेचा वेग सालावर अवलंबून नसतो. यंत्र कशावर राबले आणि कोणाच्या हाताखाली राबले, यावर तो ठरतो.

म्हणूनच गासड्यांच्या काउंटरवरचा आकडाही एकट्याने काही सांगत नाही. पालघर-वाड्याकडच्या सुकलेल्या गवतावर चाललेले यंत्र आणि पंजाबात भाताच्या काडावर चाललेले यंत्र यांचा आकडा सारखा असला, तरी झीज सारखी नसते. भाताच्या काडात सिलिका भरपूर असते आणि ती पात्यांना व चेंबरच्या पत्र्याला सतत घासत राहते. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पाचटाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे शेत सरी-वरंब्याचे असते, तोडणीनंतर खोडक्या उभ्या राहतात आणि रेकने ओळी करताना पाचटाबरोबर माती व खडेही गोळा होतात. वरंब्यावर आपटून पिकअपचे दाते वाकतात, खडा पात्यांत सापडला की धार तुटते आणि सुतळीवरून आलेली धूळ नॉटरच्या प्रत्येक सांध्यात बसते. तेव्हा विक्रेत्याला ‘किती गासड्या?’ विचारण्याआधी ‘कशाच्या गासड्या?’ हे विचारावे. आपण कशाच्या करणार, हेही स्वतःला विचारावे. गवतावर अजून दहा हंगाम काढील असे यंत्र पाचटावर दोन हंगामांतही मान टाकू शकते.

आता गासडी कशी पाहायची? आधी तिची कापलेली बाजू पाहावी. ती सपाट आणि एकसारखी असेल तर पाती धारदार आहेत आणि फट जुळलेली आहे. तिथे काड्या ओढल्यासारख्या, दुमडून आत गेलेल्या दिसल्या तर प्लंजर कापत नाही, फाडतो आहे. त्याचा ताण पुढे गिअरबॉक्सपर्यंत जातो. गासडी केळीसारखी वाकडी असेल तर चारा चेंबरच्या एकाच बाजूला जास्त भरतो आहे. हा दोष पुष्कळदा फीडरच्या जुळणीने किंवा ओळ नीट घेण्याने सुटतो, म्हणून त्याने घाबरू नये. लांबी दर वेळी बदलत असेल तर मोजणारे चाक घसरते आहे की बांधणीचा क्लच वेळेवर लागत नाही, ते पाहावे. शेवटी दोन्ही सुतळ्यांच्या गाठी निरखाव्यात. टोके पिंजलेली असली तर सुतळी कापणारे पाते बोथट असते किंवा चकतीची पकड जास्त असते. गाठ एकाच टोकाला बसून दुसरे टोक सुटले असेल तर पकड सैल आहे. दोन्ही नॉटर सारखेच चुकत असतील तर कारण बहुधा सुतळीत किंवा जुळणीत असते. एकच सतत चुकत असेल, तर झीज त्याच्यात आहे. एखादी चांगली गासडी खिळखिळा झालेला बेलरही बांधून दाखवतो. म्हणून सलग वीस तरी पाहाव्यात, आणि त्याही यंत्र गरम झाल्यावरच्या.

गासडीने जे सांगितले त्याची खातरजमा नंतर यंत्र थांबवून करावी. ट्रॅक्टर बंद करावा, किल्ली आपल्या खिशात ठेवावी, पीटीओ शाफ्ट सोडावा आणि मगच हात आत घालावा. या शिस्तीला अपवाद नाही, कारण या यंत्रात बोट आणि काडी यांत फरक करणारे काहीच नाही. बांधणीचा क्लच हाताने सोडून फ्लायव्हील त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावे. सुया खाचांत शिरताना प्लंजर कुठे आहे ते पाहावे. सुया आत असताना प्लंजरला अडवणारा सुरक्षा-दांडा खाली येतो का तेही पाहावे. प्लंजर पहारीने अलगद उचलला आणि तो चांगलाच हलला, तर त्याची बेअरिंगे किंवा तो ज्यावर सरकतो त्या पट्ट्या गेल्या आहेत. सुईवर वेल्डिंगची खूण असेल तर वेळ एकदा तरी चुकली होती. सर्वांत बोलका पुरावा मात्र फ्लायव्हीलच्या शिअर बोल्टचा. अडथळा आला की तो मऊ बोल्ट तुटावा आणि बाकीचे यंत्र वाचावे, अशी ती योजना असते. त्या जागी मिळेल तो कडक बोल्ट ठोकलेला दिसला, तर तुटायचे ते आतल्या महागड्या भागांत तुटले आहे किंवा तुटण्याच्या बेतात आहे, असे धरून चालावे. मालकाने यंत्र कसे वागवले, हे तो एक बोल्ट सांगतो.

यावर पहिला आक्षेप असा, की जुने बेलर हंगाम संपल्यावर स्वस्तात मिळतात आणि तेव्हा शेतात चालवून पाहायला चारा नसतो. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. न पाहिलेल्या यंत्राला सवलत मिळते, कारण तो धोका विक्रेत्याकडून आपल्याकडे येतो. ट्रॉलीभर सुटा पेंढा नेऊन जमिनीवर ओळ मांडली, तरी काही गासड्या निघतात आणि निदान नॉटर कळतो. तेही शक्य नसेल तर इसार देऊन उरलेली रक्कम पहिल्या चालीनंतर देण्याचे लेखी ठरवावे. दुसरा आक्षेप फिटर मंडळींचा, की काहीही दुरुस्त होते. होते, पण सगळे सारख्या पैशांत होत नाही. पिकअपचे दाते, चेन, सुतळीचे पाते आणि प्लंजरच्या पात्यांची धार हा चालू खर्च आहे आणि तो भावातून वजा करून यंत्र खुशाल घ्यावे. गिअरबॉक्स, क्रँक, वाकलेले किंवा गंजून पातळ झालेले चेंबर आणि मुळात झिजलेली नॉटरची चौकट हे दोष भाव पाडायला वापरू नयेत, सौदा मोडायला वापरावेत. त्यातही, ज्याचे सुटे भाग आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बाजारात मिळत नाहीत, ते यंत्र कितीही नीट असले तरी सोडून द्यावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत नव्या बेलरला अनुदान मिळते, मग जुन्याच्या वाटेला जावेच कशाला? जो गाळप हंगामभर भाड्याने शेकडो एकर करणार, त्याने नवाच घ्यावा, याबद्दल माझा वाद नाही. पण चार-पाच शेतकऱ्यांच्या गटाला किंवा स्वतःच्या गोठ्यापुरता चारा साठवणाऱ्याला वर्षातले थोडेच दिवस यंत्र लागते. अनुदान मिळाले तरी उरलेली रक्कम तेवढ्या दिवसांच्या कामातून फिटणे कठीण असते, आणि नीट पारखलेला जुना बेलर तेच काम करतो. गोल बेलर सोपा पडतो, हेही खरे. त्यात सुया आणि प्लंजरचा हा मेळ नसतो. मात्र चौकोनी गासड्या ट्रकमध्ये फट न ठेवता रचता येतात, गोठ्याच्या माळ्यावर एका माणसाला उचलून ठेवता येतात आणि सोडल्या की थराथराने चारा मोकळा होतो. दूरची वाहतूक असेल तर हा फरक भाड्यात दिसतो. कोणी म्हणेल, पाचट शेतातच कुजवावे, बेलर हवाच कशाला? जिथे ते कुजवता येते तिथे तसेच करावे, जमिनीसाठी त्याहून चांगले काही नाही. बेलर हवा तो ज्या पाचटाला नाहीतर काडी लागणार आहे त्याच्यासाठी.

म्हणूनच ही निवड हलक्याने घेऊ नये असे मला कळकळीने वाटते. खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, पेंढ्यावर अवकाळीचे सावट असते आणि चाऱ्यातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला तर गासडी आतून तापते आणि बुरशी धरते. बेलरला मिळणारी मुदत अशी मोजक्या दिवसांची असते. त्या दिवसांत नॉटर अडला की शेतकरी फिटरची वाट पाहत बसत नाही, शेत पेटवून मोकळा होतो. दोष त्याचा एकट्याचा नसतो, न पारखता घेतलेल्या यंत्राचाही असतो. तेव्हा बेलर पाहायला जाताना सुतळीचे एक बंडल आणि तो आतून ओळखणारा फिटर सोबत न्या, सलग वीस गासड्या बांधून मागा आणि त्या एकेक करून उलटून पाहा. विक्रेता चालवून दाखवायला तयार नसेल, तर भाव कितीही उतरवला तरी ते यंत्र घेऊ नका.