कुठं ‘इथं’?

फुलसावंगी,
ता. महागाव, जि. यवतमाळ

प्रिय ‘स्तन’ या शब्दा,



तुझं नाव लिहिताना हात अडखळला. दोन लेकरं पाजून झाली, रोजचं लिहिणं-वाचणं मराठीत, तरी तुला असं एकट्याला मी आजवर कागदावर उतरवलं नव्हतं. शाळेत असताना ‘सस्तन प्राणी म्हणजे काय?’ या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. गाय, म्हैस, वटवाघूळ, देवमासा अशी उदाहरणंही लिहिली होती. त्या नावात तू समोर उभा होतास. पण सरांनी तुझी फोड केली नाही आणि आम्ही मुलींनी विचारली नाही.

हे पत्र लिहायचं कारण घडलं ते आमच्या माहेरच्या ओसरीवर. कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी गावच्या आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, आल्या. तिशीपुढच्या माणसांच्या आरोग्याच्या माहितीचा जो सी-बॅक फॉर्म भरायचा असतो, तो त्यांच्या हातात होता. तंबाखू, वजन, कमरेचा घेर असे प्रश्न पटापट झाले. मग त्यांचा आवाज खाली आला. स्तनामध्ये गाठ आहे का? स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव होतो का? स्तनाच्या आकारात बदल झाला आहे का? वहिनी म्हणाली, “काय म्हणलं?” आशाताईंनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे पाहिलं, पदरावर तळवा ठेवला आणि विचारलं, “इथं काई हाय काय?” वहिनी म्हणाली, “नाई व.” तीन प्रश्न, तीन ‘नाही’. एक मिनिटही लागलं नाही.

तो ‘इथं’ मला ओळखीचा होता. तो मी याच घरात पूर्वी ऐकला होता.

माझ्या आजीकडे एक गाय होती. तिची कास आजीला पाठ होती. धार काढण्याआधी ती कोमट पाण्यानं कास पुसायची आणि चारी सडांवरून तळवा फिरवायची. एके दिवशी तो तळवा थांबला. “मागच्या उजव्या सडावर कडक लागते. दगडी होते वाटते.” पहिली धार तिनं ओंजळीत घेऊन उजेडाला धरली. दुधात फाटल्यासारखे बारीक कण होते. त्याच संध्याकाळी ढोरांचा डॉक्टर गोठ्यात आला. गाय वाचली, सडही वाचला. कास, सड, पान्हा, चीक, दगडी, आटणं. गाईच्या दुधाच्या वाटेवरचा प्रत्येक मुक्काम आजीला नावानं माहीत होता.

पुढं एका दिवाळीला मोठी आत्या माहेरपणाला आली. चुलीपाशी बसून तिनं आजीला सांगितलं, “इथं जरासं दगडावानी लागते.” आजीनं विचारलं, “दुखते काय?” “नाई.” “मंग राहू दे.” तेवढंच. ज्या बाईनं गाईसाठी तिन्हीसांजेला डॉक्टर आणला, तिनं पोटच्या लेकीला ‘राहू दे’ म्हटलं. आजीची माया कमी नव्हती. पण गाईच्या दुखण्याला तिच्याकडे शब्द होता आणि शब्द होता म्हणून उपायही होता. लेकीच्या दुखण्यासाठी तिच्यापाशी फक्त ‘इथं’ होतं. दीड वर्षानं आत्या एका डॉक्टरकडे गेली तेव्हा म्हणाली, “छातीत जड वाटते.” त्यानं पाठीला नळी लावून श्वास ऐकला, गोळ्या दिल्या. काखेत गाठी आल्या तेव्हा नागपूर गाठलं. फार उशीर झाला होता.

तू तेव्हा कुठं होतास, असं तुला विचारावं वाटायचं. आता वाटतं, आम्हीच तुला बाहेर ठेवलं होतं.

तुझ्याऐवजी आम्ही काय काय वापरलं, ते तुला सांगते. सगळ्यात जास्त वापरलं ‘अंग’. पोराला अंगावर पाजते, पोर अजून अंगावर पिते, अंगावरचं दूध तोडलं. माया असलेला, उबेचा शब्द आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याच ‘अंगा’वर आम्ही इतर भारही टाकले. पांढरं जातं तेही अंगावर जातं. गर्भाशय खाली सरकलं तर अंग बाहेर आलं. पोशाखात आलं तर आतल्या चोळीचं नाव ‘बॉडी’, म्हणजे पुन्हा अंगच. बाईच्या देहाचे वेगवेगळे अवयव एकाच चादरीखाली निजवलेले. आणि या साऱ्याचा शेवट ज्या वाक्प्रचारात होतो, तोही अंगाचाच: दुखणं अंगावर काढणं. माझ्या आत्यानं तेच केलं.

‘छाती’ हा दुसरा आडोसा. छाती पुरुषाचीही असते, तिच्यात हृदय आणि फुप्फुसं असतात, तिच्यात कफ साठतो, ती धडधडते. बाई ‘छातीत दुखतं’ म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याचं मन आधी तिकडंच जातं, आणि त्यात त्याची चूक नाही. ‘ऊर’ भरून येतो, दडपतो, बडवला जातो. पण ऊर तपासून द्या, असं कुणी म्हणत नाही. शहरात शिकलेल्या माझ्या मैत्रिणी ‘ब्रेस्ट’ म्हणतात. परक्या भाषेत लाज कमी वाटते, म्हणून म्हणू देत, निदान डॉक्टरला कळतं. आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर, पोरांच्या टोळक्यात तुला फळांची, चेंडूची नावं असतात. ती ऐकत आम्ही मोठ्या झालो. मान खाली घालून चालायला त्या नावांनी शिकवलं. मुलीच्या कानावर तिच्या अवयवाचं पहिलं नाव शिवीसारखं पडतं, आणि मग त्या अवयवाबद्दल ती आईशीही बोलत नाही. त्या भिंतींवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

पण तू काही परका पाहुणा नाहीस. दोन हजार वर्षांमागं आपल्या मुलखाची जी प्राकृत होती, तिच्यात तू ‘थण’ होतास. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या घरातल्या बायका येतात आणि तिथं तुझं नाव घेताना कुणी आवाज खाली करत नाही. थणचा मराठीत ‘थान’ झाला. संस्कृत कवींनी तुला कुच म्हटलं, उरोज म्हटलं, पयोधर म्हटलं. पयोधर म्हणजे मेघही. दूध धरणारा आणि पाणी धरणारा, दोघांना एकच नाव. आमच्या कोरडवाहू मुलखात त्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. मग कधीतरी कवितेत तू राहिलास आणि घरातून गेलास. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून शरीराबद्दल सरळ मराठीत लिहायला सुरुवात केली, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शब्दासाठी कोर्टाची पायरी चढणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. आपल्याला तर फक्त ओसरीवर बोलायचं आहे.

तुझ्या पोटात काय आहे, तेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी उशिरा शिकले, ते आमच्या भाषेत मांडून बघते. प्रत्येक स्तनात दूध करणाऱ्या ग्रंथींचे साधारण १५ ते २० खंड असतात. खंडांत बारीक बारीक पिशव्या, त्यांत दूध तयार होतं आणि दुधाच्या नळ्यांतून टोकाकडं येतं. उरलेली जागा चरबीची आणि आधार देणाऱ्या तंतूंची. लहान-मोठा आकार मुख्यतः चरबीमुळं असतो. त्यावरून दूध किती येईल ते ठरत नाही, हे ज्या सासवांना ठाऊक नव्हतं त्यांनी किती सुनांना बोल लावले असतील! बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूकडून संप्रेरक सुटतं आणि पिशव्या आवळून दूध पुढं ढकलतात. यालाच आपण ‘पान्हा फुटला’ म्हणतो. बाळ रडल्याचं नुसतं कानावर पडलं तरी पान्हा फुटतो, हे आजीला माहीत होतं. कारण तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

टोकाला पुस्तक ‘स्तनाग्र’ म्हणतं, आम्ही ‘बोंड’ म्हणतो. कापसाचंही बोंड आणि आईचंही बोंड! यवतमाळ जिल्ह्यात याहून चांगला शब्द शोधून सापडणार नाही. गाईच्या सडाला धारेची एकच वाट असते, आईच्या बोंडाला अनेक बारीक छिद्रं असतात. बोंडाभोवती गडद वर्तुळ असतं, ते स्तनमंडळ. त्यावरचे बारीक उंचवटे त्वचा मऊ ठेवणाऱ्या ग्रंथींचे असतात. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड दिलं की चिरा पडतात, वर्तुळाचा बराचसा भाग जायला हवा. माझ्या पहिल्या बाळंतपणात हे वाक्य कुणी उच्चारलं असतं, तर दहा दिवसांचं रक्त आणि रडणं वाचलं असतं. पहिल्या दिवसांचं घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. गाईच्या चिकाचा खरवस वाटीवाटीनं शेजारी जायचा आणि आईचा चीक कितीतरी घरांत ‘घाण’ म्हणून पिळून टाकला जायचा. बाळाला रोगांपासून राखणारं पहिलं कवच त्यातच असतं.

आणि एक गोष्ट प्रत्येक बाईला माहीत हवी: स्तनाचा एक भाग काखेपर्यंत गेलेला असतो. म्हणून तपासताना काखही तपासायची. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, विशेषतः तरुण वयात. पण कुठली कशाची, हे हातानं ठरत नाही, दाखवावंच लागतं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही, मंग राहू दे’ हे वाक्य म्हणूनच घातक आहे. बोंड नव्यानं आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची होणं, या खुणा दिसल्या की थांबायचं नाही. संत्र्याची साल आमच्या विदर्भातल्या बाईला दाखवावी लागत नाही, तिला फक्त सांगायला हवं.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघाले. आपल्या देशातल्या बायकांत याहून जास्त दुसरा कर्करोग नाही. पुरुषांनाही स्तन असतात आणि क्वचित त्यांनाही तो होतो. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांची तपासणी दर दोन वर्षांनी झाली, मोठ्या यंत्रानं नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांच्या हातांनी. २०२१ साली निकाल छापून आला. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. तरी सांगायचं ते हे, की शिकलेला हात कामाला येतो. आजीचा हात गाईपुरता शिकलेलाच होता की.

आमच्या शेतातल्या बायकांकडे ही नजर आहेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हापासून हिरवी बोंडं तोडून, फोडून बघायची सवय गावोगाव झाली. बाहेरून धड दिसणारं बोंड आतून किडलेलं असू शकतं, हे इथं पोराटोरांना माहीत आहे. तुझी ओळख याच बायकांना करून द्यायची आहे. त्यांना समजावून सांगणं अवघड नाही, आपलं तोंड उघडणंच अवघड आहे.

त्या दुपारी मी ते उघडलं. आशाताई उठायला लागल्या तेव्हा त्यांना म्हटलं, थांबा, चहा ठेवते. भावाला शेतावर पाठवलं. मग वहिनीला सांगितलं, “स्तन म्हणजे थान. ज्यावर पोराला पाजलं ते. बोंड म्हणजे त्याचं टोक. आता पुन्हा ऐक, काय विचारतात.” आशाताईंनी तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले, या वेळी पदरावर हात न ठेवता. वहिनी गप्प झाली. चहा निवला. मग म्हणाली, “डाव्या थानात हाय. वरच्या अंगाला, काखेकडं. हरभऱ्याएवढी. दोन महिने झाले.”

यवतमाळला सोनोग्राफी झाली, सुईनं नमुना घेतला. गाठ साधी निघाली. त्या आठवड्यात घरात कुणी नीट जेवलं नाही, आणि अहवाल आल्यावर वहिनी गोठ्यात जाऊन रडली. मी मात्र तिच्या त्या उत्तराशी अजून थांबलेली आहे. ‘इथं’च्या जागी तिनं बाजू सांगितली, दिशा सांगितली, माप सांगितलं, मुदत सांगितली. आणि ‘अंग’ हा शब्दही त्या वाक्यात होता. वरच्या अंगाला, म्हणजे वरच्या बाजूला. झाकायचं काम सोडून तो वाट दाखवत होता.

तेव्हा माझी विनंती एवढीच. तू पुस्तकातून उतरून आमच्याकडे राहायला ये. थान हे तुझंच माहेरचं नाव आहे, त्याच्या शेजारी बस. बोंडाला, चिकाला, पान्ह्याला सोबत घे. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या आईच्या तोंडी असू दे, बाळंतिणीच्या खाटेपाशी असू दे, डॉक्टरच्या टेबलासमोर असू दे. माझ्या लेकीला मी तुझं नाव सांगितलं आहे. तिनं ते ‘कोपर’ म्हणावं तितक्याच सहज म्हणून दाखवलं.

आत्याला तुझी ओळख करून द्यायची राहून गेली. बाकीच्यांना करून देते आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
फुलसावंगीची एक लेक