पाना घ्यावा नटाकडे बघून

गॅरेज टाकायला निघालेल्या पोरांची पहिली खरेदी बहुधा ठरलेली असते: प्लॅस्टिकच्या सुटकेसमध्ये मांडलेला, चकाचक, 108 नगांचा गोटी सेट. नग मोजून बघा. त्यात स्क्रू ड्रायव्हरची टोकंच ढीगभर निघतात. मग 4, साडेचार, 5, साडेपाच अशा चिमुकल्या गोट्या, ज्यांना मोटरसायकलवर गिऱ्हाईक जवळजवळ नाही. कामाची मापं मोजकीच, आणि पैसे मात्र अख्ख्या डब्याचे.

दुचाकीवर माझा हात रोज जातो तो 8, 10, 12, 14 आणि 17 कडे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या जपानी वळणाच्या. जपानी पद्धतीत 6 मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं 10 चं, 8 च्या बोल्टचं 12 चं आणि 10 च्या बोल्टचं 14 चं असतं. जर्मन पद्धतीत तोच 8 चा बोल्ट 13 चा पाना मागतो, 10 चा बोल्ट 17 चा. वेस्पाच्या घराण्यातली जुनी स्कूटर आली की 11 चा पाना शोधावा लागतो, कारण तिथे 7 मिलिमीटरचे स्टड आहेत. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या दारात कुठल्या गाड्या येणार याचा अंदाज घ्यावा, त्यांच्याभोवती चक्कर मारावी आणि मापं कागदावर लिहून न्यावीत.

एक सल्ला सगळेच देतात: आधी सगळं स्वस्तातलं घे, जे तुटेल ते पुढे चांगलं घे. हातोडीला हा सल्ला लागू आहे. छिन्नीला, पंचला, पार्ट ठेवायच्या ट्रेला लागू आहे. नटाला धरणाऱ्या हत्याराला मात्र तो अजिबात लागू नाही. स्वस्त पाना एकटा कधीच जात नाही, जाताना नटाचे कोपरे घेऊन जातो. ॲल्युमिनियमच्या इंजिन केसमध्ये कोपरे गोल झालेला 10 च्या डोक्याचा बोल्ट अडकला की वेल्डिंग करून नट चिकटवा, नाहीतर ड्रिल मारा, आटे गेले तर नवे पाडा. त्या एका दुपारच्या खर्चात उत्तम रिंग पाना आला असता. पैसे थोडे असतील तर ते हत्याराच्या तोंडात घालावेत, दांड्यात नव्हे.

फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, आणि जोर वाढला की त्याचा जबडा फाकतो. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी धरतो. त्यामुळे आधी रिंग, किंवा एका टोकाला रिंग असलेला कॉम्बिनेशन पाना. गोटी घ्यायची तर सहा कोनांची, बाराची नको. आणि मोबाइलची बॅटरी लावून तिच्या तोंडात बघा. चांगल्या गोटीचे आतले कोन नटाच्या कोपऱ्यावर दाबत नाहीत. तिथे थोडी गोलाई दिलेली असते, म्हणजे जोर नटाच्या सपाट अंगावर येतो. ही युक्ती 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या स्नॅप-ऑनने आणली. पुढे पेटंटची मुदत संपली आणि आज मध्यम किमतीच्या गोट्यांतही ती सापडते. पाहण्यासारखी गोष्ट ही आहे. अंगावर कोरलेलं ‘क्रोम व्हॅनेडियम’ नव्हे, ते हल्ली कशावरही कोरलेलं असतं.

रॅचेटची घाई करू नये. स्वस्त रॅचेटचे दाते नेमके जोर लावताना सरकतात आणि बोटं केसवर आपटतात. त्याऐवजी सरकता टी बार घ्या, त्यात मोडायला काही नाही. आणि पान्याला पाइप लावायची सवय मुळीच नको. 10 चा पाना आखूड असतो त्याला हिशेब आहे. दहा सेंटिमीटरवर दहा किलोचा दाब दिला की साधारण 10 न्यूटन-मीटर पीळ बसतो, आणि 6 मिलिमीटरच्या बोल्टला तेवढाच पुरतो.

स्टार स्क्रू ड्रायव्हरकडे सगळे दुर्लक्ष करतात. जपानी स्क्रूची फुली साध्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते, बऱ्याचदा डोक्यावर एक बारीक ठिपकाही असतो. साधं टोक तिच्या तळापर्यंत पोचत नाही, वर चढतं, आणि ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचा स्क्रू खराब होतो. जपानी मापाचा ड्रायव्हर परवडत नसेल तर साध्याचं टोक ग्राइंडरवर किंचित घासून घ्या, पाण्यात बुडवत, म्हणजे पोलादाचं पाणी उतरणार नाही. जाम झालेल्यांसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हवाच.

ब्रँडचं विचाराल तर नाशिकची टपारिया माझ्या पेटीत सर्वांत जास्त आहे. तिने स्वीडनच्या बाहकोच्या तांत्रिक सहकार्याने काम सुरू केलं होतं. ज्या योहान्सनने 1892 मध्ये आजच्या ॲडजस्टेबल पान्याचं पेटंट घेतलं, त्याच्या पान्यांनीच बाहको जगभर पोचली. तो पाना मात्र नव्या पोरांनी घेऊच नये. नळवाल्याला शोभतो.

खिसा अगदीच हलका असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा. जुने गेडोरे पाने अजून निघतात. हे नाव म्हणजे जर्मनीतल्या रेमशाइड गावच्या डोविडाट बंधूंच्या नावागावाची आद्याक्षरं. खिशात 10, 12, 14 च्या डोक्यांचे नवे बोल्ट ठेवा आणि पाना तिथल्या तिथे चढवून हलवून बघा. गंजाला घाबरू नका, तो घासून जातो. फाकलेला जबडा, ग्राइंडरने घासलेलं तोंड किंवा दांड्यावर हातोडीचे घाव दिसले तर खाली ठेवून पुढे चला. क्रोमचे पापुद्रे सुटलेला पानाही नको, पत्र्यासारखा हात कापतो.

टॉर्क रेंच दुसऱ्या वर्षी घेतला तरी चालेल, पण हेडचं काम हातात घ्यायच्या आधी हवा. वापरून झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची.

राहिले पुलर. मॅग्नेट पुलर, क्लच होल्डर ही हत्यारं मॉडेलनुसार बदलतात, सगळी विकत घेण्यात अर्थ नाही. आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजांनी ती वाटून घेतली आहेत. मॅग्नेटचा एकाकडे, क्लचचे माझ्याकडे. न्यायचं, वापरायचं आणि संध्याकाळच्या आत पुसून परत करायचं. ज्याने तेलकट परत केलं त्याला पुढच्या वेळी सगळे ‘आत्ताच कुणीतरी नेलंय’ असं सांगतात.